चिमणीतली काजळी आणि पाऊस

प्रश्न : ताई, भाऊ आयर्लंडला असतो, तो म्हणतो तिकडचे म्हातारे चिमणीतून काजळी पडली की पाऊस येणार सांगतात. खरंच का? – द्राक्ष बागायतदार, नाशिक

उत्तर : हो दादा, आणि त्यात तथ्य आहे, हवेत ओल वाढली की काजळी ती ओल धरते, जड होते नि बदकन खाली पडते. पाकोळ्या खालून उडाल्या, मांजर शेकोटीकडे पाठ करून बसलं तरी हवा बिघडणार म्हणतात. १९३७ ते १९३९ मध्ये तिथल्या शाळकरी पोरांनी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून असलं सगळं वहीत उतरवलं, मला हे फार भारी वाटतं. १५ जुलैला पाऊस लागला तर ४० दिवस पडतो, हे मात्र रेकॉर्डला टिकत नाही. बागेत फवारणी हवामान खात्याचा अंदाज बघूनच करा, पण आजोबांचे कावळ्याच्या घरट्याचे ठोकताळे आत्ताच लिहून घ्या.