देव अडचणीत अनपेक्षित माणसांच्या रूपाने धावून येतो, यावर तुमचा विश्वास आहे का? कठीण काळात देवाच्या हेतूवर भरवसा कसा ठेवावा?

विश्वास आहे. घरात वारी आहे, गळ्यात माळ आहे, नाही कशाला म्हणू. पण तुमच्या प्रश्नातला ‘रूपाने’ हा शब्द वाचला आणि आमच्या घरातलं बारा वर्षांचं भांडण डोक्यात परत सुरू झालं, म्हणून लिहायला बसलो.

मी मंगळवेढा तालुक्याच्या दक्षिण भागातला. 2013 चा दुष्काळ. गावातली निम्मी जनावरं चारा छावणीत होती, त्यात आमच्या दोन म्हशी, बैलजोडी आणि एक कालवड. ऊस खाऊन खाऊन जनावरांची तोंडं सोललेली. अण्णा, म्हणजे माझे वडील, आणि मी तिथंच मुक्कामाला. छावणीत आपली दावण कुणाच्या शेजारी लागावी हे आपल्या हातात नसतं. आमच्या शेजारी आली तात्यांची.

तात्या अण्णांचे सख्खे चुलतभाऊ. बांधावरून 1998 पासून कोर्टात. बांध केवढा, तर दोन हात रुंद, त्यावर एक बोर, आणि तिची बोरंसुद्धा आंबट. पंधरा वर्षं बोलणं बंद, पत्रिका देणं बंद, मयतीला तेवढं येऊन लांब उभं राहायचं.

एका रात्री दोनच्या सुमाराला अण्णा बैलांना पाणी दाखवायला उठले. बादली पडल्याचा आवाज आला म्हणून गेलो, तर अण्णा वाकून उजव्या हातानं बादली उचलतायत आणि डावा हात नुसता लोंबतोय. काहीतरी बोलले, पण शब्द तोंडात लोळत होते. मला वाटलं, झोपेत आहेत. खरं सांगतो, मी त्यांना गोधडीत निजवून ‘सकाळी बघू’ म्हणणार होतो.

तेवढ्यात तात्या बॅटरी घेऊन आले. माझ्याकडं बघितलंही नाही. अण्णांच्या तोंडावर उजेड मारला आणि म्हणाले, “दात दाखव.” पंधरा वर्षांनंतरचे पहिले शब्द हे! अण्णांनी दाखवले, तोंड एकीकडं ओढलं गेलेलं. “लकवाय ह्यो. गाडी काढतो, चल.” तात्यांच्या मेहुण्याला असंच झालं होतं आणि त्याला दोन दिवस झाडपाल्याच्या औषधावर ठेवलं होतं, हे मला पुढं कळलं.

पिकअपमध्ये उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, भरलेलं होतं. दोघांनी अंधारातच ते रस्त्याकडेला ढकललं. 108 ची गाडी महाराष्ट्रात आली 2014 च्या जानेवारीत, तेव्हा फोन करायला तेही नव्हतं. सोलापूरपर्यंत मी मागं हौद्यात, अण्णांचं डोकं मांडीवर, खाली उरलेला पाला अंगाला कापतोय. दवाखान्यात डॉक्टरांनी तीनदा एकच विचारलं, “किती वाजता झालं?” गाठ विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही आधी सीटी स्कॅन करून. आम्ही चारच्या आत पोचलो होतो. काउंटरवर डिपॉझिट मागितलं, तर तात्यांनी बंडीतून रबर लावलेल्या नोटा काढल्या. सांगोल्याच्या बाजारात शेरडं विकून आलेले पैसे. तेव्हा ट्यूबलाइटच्या उजेडात दिसलं की त्यांच्या पायात चपलाच नाहीत.

अण्णा वाचले. डाव्या हातानं गुंडी लागत नाही, बाकी ठणठणीत.

खरं भांडण इथून पुढं. पुण्याहून माझा मोठा भाऊ आला, सगळं ऐकलं, डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, “विठ्ठलच आला रे तात्याच्या रूपात.” पंढरपूरला जाऊन देवाला अभिषेक केला, देणगीची पावती फोडली. तात्यांचे पैसे मात्र एका पोराच्या हातून पाठवले. घरी जाणं नाही, चहा नाही, “उपकार झाले” एवढा शब्द नाही. मी म्हटलं, दादा, एकदा जाऊन भेट. तर म्हणाला, “बुद्धी देवानं दिली, त्यात त्याचं काय?” आणि पुढच्या तारखेला वकिलाला फोन!

दादाचा आवडता दाखला म्हणजे दामाजीपंत. मंगळवेढ्याच्या माणसाला तो कोण देणार नाही! दुष्काळात सरकारी कोठारं लोकांना मोकळी केली, बिदरच्या बादशहानं पकडून आणायला शिपाई धाडले, आणि विठ्ठलानं विठू महार होऊन दरबारात मोहरा भरल्या. मी दादाला एवढंच म्हटलं की त्या गोष्टीत देवानंसुद्धा पैसे भरल्यावर पावती घेतली. तू तर तात्यांना साधी पोच दिली नाहीस. आणि ज्या जातीचं रूप देवानं घेतलं म्हणून आपण कीर्तनात डोळे पुसतो, त्याच जातीच्या माणसांना पंढरपूरच्या देवळात पाय ठेवायला 1947 उजाडलं, तेही साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा. रूपाला दंडवत आणि माणसाला दार बंद, ही खोड आपल्यात फार जुनी आहे. दादाला हे लागलं. लागू दे.

हेतूचं विचारलंय तुम्ही. त्यावर माझ्याकडं फार काही नाही. त्याच मंगळवेढ्यात 1338 साली गावकुसाचं काम करताना भिंत कोसळली आणि चोखोबा तिच्याखाली गेले. इतर मजूरही गेले. तिथं कुणी रूप घेऊन आलं नाही. नामदेवांनी अस्थी पंढरपूरला नेऊन महाद्वारासमोर समाधी दिली, त्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू येत होतं म्हणतात. दामाजी वाचले हा देवाचा हेतू, तर चोखोबा दडपले हा कुणाचा? मला याचं उत्तर येत नाही आणि ज्यांना पटकन येतं त्यांच्यापासून मी चार हात लांब राहतो. तरी आषाढीला चालत जातो. का जातो ते सांगता यायचं नाही, तिथं नामदेव पायरीपाशी पोचल्यावर आधी चोखोबांकडं हात जोडले जातात, एवढं खरं.

म्हणून भरवसा ठेवायचा असेल तर खुशाल ठेवा. फक्त ‘देवानं पाठवला’ म्हणायच्या आधी जो आला त्याच्या घरी जाऊन या. रिकाम्या हातानं नको, किलोभर पेढे तरी न्या. आणि ज्याचा माणूस गेलाय त्याला ‘यातही देवाचा काही हेतू असेल’ असं चुकूनही सांगू नका.

राहिलंच. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळलं, की घड्याळ बघून थेट मोठ्या दवाखान्यात. झाडपाला नको, अंगारा नको. सगळ्यांनाच ते इंजेक्शन चालतं असं नाही, ते डॉक्टर ठरवतील, पण वेळेत पोचाल तर ठरवतील.

केसचं म्हणाल तर ती चालूच आहे. मी अण्णांना म्हटलं होतं, मागं घ्या. तर म्हणाले, “त्यानं जीव वाचवला ते खरं, पण बांध माझा हाय.” तात्याही तेच म्हणतात, फक्त बांध त्यांचा. आता तारखेला दोघं तात्यांच्याच पिकअपमधून जातात. डिझेल अर्धं-अर्धं. परवा पुढची तारीख पडल्यावर येताना स्टँडवर भजी खाल्ली, आणि पैसे कुणी द्यायचे यावरून तिथंच दोघांची जुंपली, असं ड्रायव्हर पोरगा सांगत होता.