कॉकटेलचं (कॉकॅटील, डोक्यावर तुरा असलेला छोटा पोपट) पिल्लू हाताला घाबरतं आणि चावतं. पंख कापून, टॉवेलमध्ये धरून सवय लावावी का?

दोन्ही करू नका.

तुम्ही लिहिलंय त्यावरून चित्र असं दिसतं: नवी मुंबईत घणसोलीतला टू बीएचके, हॉलमध्ये टीव्हीशेजारी पिंजरा, तीन महिन्यांचं कॉकटेल. घरी आणून तीन आठवडे झाले तरी हात आत गेला की ते मागच्या जाळीला चिकटतं, फिसकारतं, आणि हात पुढे नेलात तर चावतं. दुकानदाराने पंख कापून रोज टॉवेलमध्ये धरून बसायला सांगितलंय. हा सल्ला बहुतेक दुकानांत मिळतो आणि त्यानेच सर्वांत जास्त पिल्लं बिघडतात.

पंख कापले की पळायची वाट बंद होते, भीती मात्र तेवढीच राहते. मग स्वतःला वाचवायला उरते फक्त चोच. शिवाय जेमतेम उडायला शिकलेलं पिल्लू सवयीने झेप घेतं आणि थेट फरशीवर छातीवर आपटतं. टॉवेलमध्ये गच्च धरलं की ते थोड्या वेळाने गप्प बसतं खरं, पण सुटका नाही हे कळल्यामुळे. पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल (फुप्फुसांखालचा स्नायूचा पडदा) नसतं. छातीचं हाड पुढे-मागे हललं तरच त्यांना श्वास घेता येतो, म्हणून छातीवर दाब आला तर पिल्लू गुदमरून मरू शकतं. टॉवेल फक्त औषध पाजायला किंवा डॉक्टरांकडे न्यायला, तोही छाती मोकळी ठेवून.

शिकवणी सुरू करण्याआधी पिल्लू धडधाकट आहे ना ते बघा. भित्रं पिल्लू सडपातळ, ताठ आणि सावध दिसतं. आजारी पिल्लू पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून, पिंजऱ्याच्या तळाशी बसतं, श्वासागणिक शेपूट वर-खाली हलते. आणि तुम्ही जवळ गेल्यावर ते सतत चिरकत मान खाली-वर हलवत असेल तर त्याचं भरवणं अजून सुटलेलं नाही. दुकानदार पुष्कळदा अशी पिल्लं विकतात. हाताने भरवणं घरी अंदाजाने करू नका, अन्न जास्त गरम झालं तर अन्नपिशवी भाजते. यातलं काहीही दिसलं तर आधी पक्ष्यांचे डॉक्टर गाठा. जवळ कोणी मिळालं नाही तर परळचं जनावरांचं हॉस्पिटल आहेच. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घेऊन रोज सकाळी खाण्याआधी वजन लिहून ठेवा. दांडी लावलेला छोटा स्टँड काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणला की झालं. पिल्लू स्वतःहून बाहेर यायला लागेपर्यंत मात्र वजनासाठी त्याला पकडू नका. मोठं कॉकटेल साधारण 80 ते 110 ग्रॅम भरतं. तुमच्या पिल्लाचा नेहमीचा आकडा दहा टक्क्यांनी उतरला तर वाट न बघता डॉक्टर गाठा.

आता पिंजरा. टीव्हीशेजारून हलवा. हॉलच्या अशा कोपऱ्यात ठेवा जिथे एक किंवा दोन बाजूंना भिंत असेल आणि दांडी तुमच्या छातीच्या उंचीला येईल. चारही बाजू उघड्या असल्या की पिल्लाला पाठ टेकायला जागाच राहत नाही. स्वयंपाकघराला लागून नको: नॉनस्टिक तवा रिकामा तापला की त्यातून निघणाऱ्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरतात. मच्छर कॉइल, धूप, रूम फ्रेशनर त्या खोलीत बंद. सोसायटीत पेस्ट कंट्रोल असेल त्या दिवशी पिंजरा दुसऱ्या घरी हलवा. बाल्कनीत तर अजिबात नको, कावळे आणि घारी ग्रिलजवळ येऊन बसले तरी महिनाभराची मेहनत वाया जाते.

झोप दहा ते बारा तास लागते. आपल्याकडे हॉलमध्ये अकरापर्यंत दिवे असतात, म्हणून आठ-साडेआठला पिंजऱ्याच्या तीन बाजू सुती कापडाने झाका आणि खोलीत एक झिरो बल्ब चालू ठेवा. कॉकटेल अंधारात दचकून पिंजऱ्यात वेड्यासारखी आपटतात, वाढत्या पिसाचा रक्ताने भरलेला देठ मोडतो आणि रक्त वाहतं. झिरो बल्बने हे पुष्कळ कमी होतं.

माणसाळवण्याची सगळी कला तुऱ्यात आहे. कॉकटेल काय वाटतंय ते डोक्यावर लिहून दाखवतं, फक्त आपण हाताकडे बघत असतो. तुरा एकदम सरळ उभा, मान लांब, अंग बारीक: घाबरलंय. तुरा डोक्याला चपटा चिकटलेला, अंग पुढे झुकलेलं, फिसकारणं: यापुढे चावणार. तुरा मागे किंचित कललेला, एक पाय पोटात घेतलेला, चोच बारीक घासल्याचा आवाज: निवांत आहे. पिसं एकदा फुगवून झटकली तर ताण गेला. तुमचं काम एवढंच, की तुरा सरळ उभा राहायला लागला की थांबायचं आणि चपटा व्हायच्या आत मागे व्हायचं. फिसकारल्यावर हात मागे घेतला तर ‘ते डोक्यावर बसेल’ असं सांगतील. उलट आहे. फिसकारून काम होतं हे कळलेलं पिल्लू चावत नाही. ज्याच्या फिसकारण्याकडे दुर्लक्ष होतं, ते पुढच्या वेळी सरळ चावतं.

पहिले काही दिवस हात आत फक्त पाणी आणि खाणं बदलायला, तेही सावकाश आणि ठरलेल्या वेळी. दिवसातून तीन-चार वेळा दहा मिनिटं पिंजऱ्यापासून इतक्या लांब बसा की तुरा शांत राहील. काहींना दोन मीटर लागतात. समोर तोंड करून टक लावू नका, कडेला वळून बसा. पेपर मोठ्याने वाचा, चहा-खारी खा. शिवाय जाता-येता सूर्यफुलाची एक बी वाटीत टाका आणि न थांबता निघून जा. मात्र त्यासाठी नेहमीच्या दाण्यांतून सूर्यफूल पूर्ण काढून टाका. वाटीत पोटभर सूर्यफूल असलेल्या पिल्लाला तुमच्या एका बीची किंमत राहत नाही. ही तुमच्या प्रश्नात न लिहिलेली, पण जवळजवळ नेहमी सापडणारी चूक. उपाशी मात्र ठेवायचं नाही, सकाळी वाटी भरण्याआधीची दहा मिनिटं पुरतात.

तुम्ही जवळ येताना ते पुढच्या दांडीवर यायला लागलं की राळ्याचं कणीस घ्या. दुकानात कांगणीची शेंग मागितलीत तरी देतील. वीतभर लांब कणीस एका टोकाला धरून दुसरं टोक जाळीतून आत द्या आणि हात दगडासारखा स्थिर ठेवा. हात थरथरला तर टेबलावर कोपर टेका. पिल्लू मान लांब करून एक दाणा ओढेल आणि मागे पळेल. तो दाणा मोठा आहे, तुम्ही पुढे सरकू नका. रोज बोटं कणसावर थोडी पुढे धरा. मग दार उघडून दारातूनच तेच करा, आणि हात आत नेताना पिल्लाच्या वरून कधीच नको, नेहमी छातीच्या पातळीवर खालून. वरून येणारी सावली त्याच्यासाठी शिकारी पक्षी असते.

ते बोटांजवळ निर्धास्त खायला लागलं की दुसऱ्या हाताचं बोट दांडीसारखं आडवं, कणसाच्या अलीकडे धरा. खायचं तर एक पाय बोटावर ठेवावा लागेल इतकंच अंतर. ते पाय ठेवेल, वजन टाकणार नाही, काढून घेईल. काढू दे. बोटाने पोट ढकलून ‘चढ, चढ’ करायचं नाही. पूर्ण चढलं की दोन-तीन दाणे खाऊ द्या आणि ते कंटाळायच्या आत परत दांडीला लावा. एका वेळी पाच मिनिटांवर जाऊ नका. बोटाचा फारच धसका असेल तर बोटाएवढ्या जाडीच्या लाकडी दांडीवर चढायला आधी शिकवा आणि तुमची पकड दांडीवर रोज थोडी पुढे सरकवा.

चावलंच तर ओरडू नका, चोचीवर टिचकी नको, फुंकर नको, हात झटकून खाली पाडणं तर नकोच. शांतपणे जवळच्या दांडीवर उतरवा आणि चावण्याच्या दोन सेकंद आधी तुरा काय करत होता ते आठवा. पुढच्या वेळी त्याच्या एक पायरी आधी थांबा.

किती दिवस लागतील असं तुम्ही विचारलंय. हाताने भरवून वाढवलेलं पिल्लू दोन-तीन आठवड्यांत बोटावर येतं, मोठ्या पिंजऱ्यात आईबापांनी वाढवलेल्याला काही महिनेही लागतात. मधे मागे जाणारच. गणपतीत ढोल-ताशे, दिवाळीत फटाके सुरू झाले की पिंजरा आतल्या खोलीत न्या आणि दोन पायऱ्या खालून पुन्हा सुरू करा. साधारण सहा महिन्यांच्या सुमाराला पहिली पिसं गळतात, तेव्हा नव्या पिसांचे कोंब दुखतात. डोक्याला खाजवून घेणारं पिल्लूही त्या काळात हात झिडकारतं, त्याला तेवढे दिवस मोकळं सोडा.

हे सगळं हिरव्या देशी पोपटाला किंवा पहाडी पोपटाला लावायला कोणी वाचत असेल तर थांबा. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते पाळता येत नाहीत, वनविभागाला कळवा. सन कोन्युअर किंवा आफ्रिकन ग्रे हे विदेशी पोपट असतील तर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. कॉकटेलला लागत नाही.

बोटावरून उतरवल्यावर परत बोटावर येतंय, असं सलग काही दिवस झालं की पहिल्यांदा बाहेर सोडा. पंखा बंद, रेग्युलेटरवर चिकटपट्टी, खिडक्या बंद आणि पडदे ओढलेले, आरशावर चादर, गॅसवर काही नाही, बाथरूमचं दार लावलेलं, बादल्या झाकलेल्या. संध्याकाळच्या खाण्याआधी सोडा, आणि परत आत घ्यायला पाठलाग न करता पिंजऱ्यात वाटी भरून राळ्याचं कणीस दारात टांगा. अंधार पडण्याआधी, भूक असताना, ते स्वतःच आत जातं.