तीन शाखा, ठेवीदार एकच

एखाद्या सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने रद्द केला की पुढचे दोन आठवडे ऑफिसात एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतो. या वेळी तो कोल्हापूरच्या एका निवृत्त शिक्षकांनी विचारलाय. लक्ष्मीपुरी आणि राजारामपुरी शाखेत स्वतःच्या नावावर चार-चार लाखांच्या मुदत ठेवी, गडहिंग्लज शाखेत पत्नीसह साडेतीन लाख. 'दर शाखेला पाच लाखांचा विमा असतो असं एजंट म्हणाला होता. सगळे मिळतील ना, की कोर्टात जाऊ?'

गुरुजी, विमा शाखेला नसतो, ठेवीदाराला असतो. १९६१ च्या ठेव विमा कायद्याचा सगळा हिशेब 'एकाच नात्याने, एकाच हक्काने' ठेवलेल्या रकमेवर चालतो. तुमच्या एकट्याच्या नावावरचे आठ लाख, व्याजासकट, एकत्र मोजले जाणार आणि त्यातले पाच लाख मिळणार. हयातभर मुलांना बेरीज शिकवलीत आणि इथे एजंटाची वजाबाकी तपासली नाहीत.

खरा प्रश्न गडहिंग्लजच्या पावतीचा आहे. संयुक्त ठेव वेगळ्या नात्याने धरतात, तिला पाच लाखांची मर्यादा स्वतंत्र लागते. पण तुम्ही फोटो पाठवलाय त्यात तुमचं नाव छापील आहे आणि खाली निळ्या बॉलपेनने 'व सौ.' लिहून बाजूला शिक्का मारलाय. आद्याक्षरं आहेत, तारीख नाही. पत्नीचं नाव परवाना रद्द होण्याआधी बँकेच्या दप्तरी चढलं असेल, तर साडेतीन लाख व्याजासह वेगळे मिळतील. नुसतं पावतीवरच राहिलं असेल तर साडेअकरा लाखांची एकच मोट, आणि हातात पाच. पुरावा म्हणून टीडीएसचा दाखला काढत बसू नका, तो पहिल्या नावानेच निघतो. अवसायकाकडे, म्हणजे बँक गुंडाळायला नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, लेखी अर्ज करून नाव लावण्याच्या अर्जाची आणि खातेउताऱ्याची सही-शिक्क्याची नक्कल मागा, पोच घ्या.

हे आत्ताच करायचं. अवसायकाने पदभार घेतल्यापासून तीन महिन्यांत ठेवीदारांची यादी द्यायची असते, ती मिळाल्यावर दोन महिन्यांत ठेव विमा महामंडळाने (डीआयसीजीसी) पैसे द्यायचे. यादीत नाव चुकीचं गेलं की दुरुस्तीला किती फेऱ्या पडतील ते मी सांगू शकत नाही. परवाना जाण्याआधी रिझर्व्ह बँकेचे निर्बंध लागले तेव्हाच बँकेने विम्याच्या पैशांसाठी संमतीपत्र आणि केवायसी मागितली होती. २०२१ च्या दुरुस्तीमुळे पाच लाखांपर्यंतची रक्कम साधारण नव्वद दिवसांत तेव्हाच हातात आली असती. 'बँक सावरेल' म्हणून तुम्ही कागद दिले नाहीत. आता तरी आधार, पॅन आणि दुसऱ्या बँकेतल्या खात्याचा तपशील घेऊन जा.

कोर्टाचं म्हणाल तर कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच आल्यापासून जो तो रिटची भाषा बोलतो. बँक अवसायनात गेल्यावर सहकार कायद्याच्या कलम १०७ प्रमाणे निबंधकांच्या परवानगीशिवाय तिच्यावर दावा चालत नाही. परवाना रद्द केल्याविरुद्ध अपील बँकेला करता येतं, केंद्र सरकारकडे, तीस दिवसांत. त्याच्या निकालाकडे डोळे लावून बसू नका. पाच लाखांवरच्या रकमेचा दावा अवसायकाकडे नोंदवा. वसुली होईल तशी आधी महामंडळाची भरपाई होते, मग उरलं तर तुमचं. किती आणि कधी, याचा आकडा सांगणाऱ्या वकिलाला फी देऊ नका.

पत्राच्या शेवटी एका ओळीत लिहिलंय की याच बँकेत पुतण्याच्या कर्जाला तुम्ही जामीन आहात. तुमचं स्वतःचं कर्ज असतं तर ते ठेवीतून सरळ वळतं झालं असतं. जामिनाचं काय, ते करारनामा पाहिल्याशिवाय बोलत नाही. तो घेऊन या, आणि गडहिंग्लजची पावती मूळच आणा, झेरॉक्स नको. शिक्क्याखाली कुठे तारीख दबलीय का ते मला उजेडात धरून पाहायचंय.