दोन टॉर्पेडोंची पाणबुडी: वाचकांचे प्रश्न

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुड्यांवरच्या लेखानंतर आलेल्या पत्रांत एकच घोळ पुन्हा पुन्हा दिसतो. ‘छोटी किनारी पाणबुडी’ म्हटले की टाइप २, टाइप २३ आणि दोन माणसांची झीहुंड ही सगळी एकाच टोपलीत जातात. आज फक्त टाइप २३बद्दल बोलू. लांबी जेमतेम ३५ मीटर, पृष्ठभागावर २३४ टन, माणसे चौदा ते अठरा. १९४४-४५मध्ये अशा ६१ पाणबुड्या नौदलात दाखल झाल्या.

हीच पाणबुडी रस्त्याने काळ्या समुद्रात नेली होती ना?

नाही. त्या सहा टाइप २बी होत्या. एल्बे नदीतून ड्रेस्डेन, तिथून रस्त्याने इंगोलश्टाट आणि पुढे डॅन्यूब असा त्यांचा प्रवास झाला. टाइप २३ रेल्वेने नेता यावी म्हणून चार तुकड्यांत आखली होती, त्यावरून गल्लत झाली असावी.

जर्मनीत मुलाकडे जाणार आहोत. ही पाणबुडी कुठे बघता येईल?

कुठेच नाही. लाबो गावची यू-९९५ (‘यू’ आणि आकडा हे जर्मन पाणबुडीचे नाव) टाइप ७ची आहे आणि ब्रेमरहाफेनची ‘विल्हेल्म बाउअर’ टाइप २१ची, म्हणजे हिची थोरली बहीण. दोन्ही जरूर बघा, पण कुणी ‘टाइप २३ दाखवतो’ म्हणून सहल विकत असेल तर पैसे भरण्याआधी त्या संग्रहालयालाच विचारा.

फक्त दोनच टॉर्पेडो का?

जागाच नव्हती. पुढचा भाग इतका आखूड की टॉर्पेडो आतून नळीत सरकवता येत नसे. पाणबुडीची शेपूट पाण्यात दाबून तोंड वर काढायचे आणि टॉर्पेडो बाहेरून नळीत ढकलायचा. दोन सोडले की परत बंदरात.

ही सहा महिने आधी आली असती तर युद्धाचा निकाल फिरला असता, असे एका व्हिडिओत ऐकले. खरे का?

व्हिडिओवाल्याला मोहिमांच्या नोंदी वाचायला सांगा. पाण्याखाली साडेबारा नॉट वेग आणि हळू सरपटायला वेगळी, जवळजवळ निःशब्द मोटर, हे गुण खरेच. पण मोहिमेवर गेल्या सहा आणि त्यांनी बुडवली चार जहाजे. मोहिमेवर असताना शत्रूने सहापैकी एकही बुडवली नाही, एवढेच व्हिडिओवाले सांगतात. शेवटची दोन जहाजे कप्तान क्लुस्मायरच्या यू-२३३६ने ७ मे १९४५च्या रात्री स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ बुडवली. तेव्हा फ्रान्समधल्या ऱ्हाँसला जर्मनीच्या शरणागतीवर सही होऊन दिवस उलटत आला होता आणि पाणबुड्यांना लढाई थांबवण्याचा हुकूम त्याआधीच सुटला होता. तो पोचलाच नाही, असे क्लुस्मायरचे म्हणणे. याला निकाल फिरवणे म्हणायचे का?

चोरबाजारातून ‘यू-बोटची’, म्हणजे जर्मन पाणबुडीची, म्हणून एका उपकरणाची जुनी, गरुडाचा ठसा असलेली आकड्यांची तबकडी तीन महिन्यांपूर्वी घेतली. आकडे रात्री चमकत नाहीत, म्हणजे नकली का?

गरुडाचा ठसा तर कुणीही मारतो. मला काळजी वेगळीच आहे. त्या काळच्या चमकत्या आकड्यांना पुष्कळदा रेडियमचा रंग असे. रंगातला चमकणारा पदार्थ काही वर्षांत थकतो, रेडियम मात्र शेकडो वर्षे टिकते. चमक नाही म्हणजे धोका नाही, असे अजिबात समजू नका. तबकडी उघडू नका, खरवडू नका, मुलांच्या हाती देऊ नका. अणुऊर्जा नियामक मंडळाशी संपर्क साधा. तीन महिने कसली वाट पाहिलीत?

आम्ही अभियांत्रिकीचे विद्यार्थी आहोत. टाइप २३सारखी आटोपशीर, एक माणूस बसेल अशी पाणबुडी करून खाडीत चालवायची आहे. आराखडा सोबत पाठवला आहे. काय लक्षात ठेवावे?

वेग विसरा, आधी वजाबाकी करा. टाइप २३ पृष्ठभागावर २३४ टन, बुडाल्यावर २५८. फरक २४ टन. तरंगण्याची सगळी शिल्लक एवढीच! आपल्या सोसायटीत दहा हजार लिटरचा टँकर येतो ना, तसे अडीच टँकर पाणी आत आले की खेळ संपला. टाइप ७सीमध्ये हाच फरक शंभर टनांवर जातो.

युद्ध संपताना बुडालेल्या यू-२३६५ आणि यू-२३६७ पश्चिम जर्मनीने १९५६मध्ये वर काढल्या आणि ‘हाय’ व ‘हेख्ट’ या नावांनी प्रशिक्षणाला वापरल्या. हाय म्हणजे शार्क. १४ सप्टेंबर १९६६ला ही ‘हाय’ उत्तर समुद्रातल्या डॉगर बँक या उथळ भागाजवळ वादळात बुडाली. २० माणसांपैकी १९ गेली. शत्रू नव्हता, सुरुंग नव्हता. होता तो खवळलेला उत्तर समुद्र आणि किनाऱ्यापुरती आखलेली पाणबुडी. इतक्या ठेंगण्या बोटीवर लाट सहज चढते, आत आलेले पाणी उतरत्या बाजूला धावते, ती बाजू आणखी खाली जाते आणि पुढची लाट आणखी आत शिरते. मी उमेदीची वर्षे गोदीत काढली. दर नव्या आराखड्यावर साहेब आधी वेग विचारत, मी शिल्लक विचारत असे. मला ‘रडका’ म्हणत. म्हणोत बापडे.

तुमच्या आराखड्यात झाकण उघडे असताना पाणी कुठून शिरेल, याचे एकही चित्र नाही. रंगसंगतीची मात्र चार आहेत. माणूस बसवायचा विचार तूर्त सोडा, रिमोटवर चालवा. तेही नौका-रचनाकाराकडून स्थैर्याचे गणित तपासून घेतल्यावर आणि बंदर खात्याची लेखी परवानगी हाती आल्यावरच. ‘सरांनी तोंडी हो म्हटले’ हे चालणार नाही.

आपल्या नौदलाची ‘शिशुमार’ पाणबुडी टाइप २३चीच वंशज का?

थेट नाही. बहुतेक टाइप २३ हॅम्बुर्गच्या डॉइचे वेर्फ्टने बांधल्या. ती कंपनी पुढे ज्या एचडीडब्ल्यू (हॉवाल्ट्सवेर्के-डॉइचे वेर्फ्ट) या जहाजबांधणी कंपनीत विलीन झाली, त्याच एचडीडब्ल्यूच्या कील गोदीतून ‘शिशुमार’ आली आणि त्याच वर्गाची ‘शल्की’ माझगाव डॉकमध्ये बांधली गेली. नाते गोदीचे आहे, आराखड्याचे नाही.

टाइप २३ रत्नागिरीपर्यंत आली होती, असे आजोबा सांगत.

नाही. अरबी समुद्रात आल्या त्या लांब पल्ल्याच्या टाइप ९. आजोबांनी एखादी पाहिली असेलच, तर ती कुठली आणि कधी, हे अभिलेखागारातल्या नोंदींशी ताडून बघा.