पालकात दह्याइतकं कॅल्शियम? आहे की, पण...

प्रश्न : ताई नमस्कार. मला एकीने एक चार्ट फॉरवर्ड केलाय, त्यात एका बाजूला दही आणि दुसऱ्या बाजूला पालक ठेवून दाखवलंय की पालकात कॅल्शियम जवळजवळ दह्याइतकंच असतं आणि कॅलरीच्या हिशोबाने प्रोटीन तर दह्याच्या दुप्पट. माझं वय ४६, शाकाहारी आहे, वजन जरा वाढलंय, म्हणून दोन महिने झाले दही बंद करून रोज पालक खातेय. बरोबर चाललंय ना? आणि अजून एक, पालक खाल्ला की दातांवर खडू घासल्यासारखं वाटतं ते कशामुळे?

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे. पालकात ऑक्झॅलिक ॲसिड, म्हणजेच ऑक्झलेट, खूप असतं. त्याची कॅल्शियमशी गाठ पडली की दोघं मिळून कॅल्शियम ऑक्झलेटचे बारीक बारीक कण होतात, ते पाण्यात विरघळत नाहीत, आणि दातांवर जीभ फिरवली की जो खरखरीत थर लागतो तो त्यांचाच. आता गंमत बघा, पालकातलं बरंचसं कॅल्शियम याच रूपात अडकलेलं असतं. जे विरघळत नाही ते आतड्यातून रक्तात जाणार कसं? पोटात गेलं आणि तसंच बाहेर पडलं.

तुमचा चार्ट खोटा नाहीये हां. १०० ग्रॅम कच्च्या पालकात साधारण ९९ मिलिग्रॅम कॅल्शियम आणि १०० ग्रॅम साध्या फुल फॅट दह्यात १२१, हे आकडे बरोबरच आहेत. पण चार्ट सांगतो खाण्यात किती आहे ते, अंगात किती जातं ते नाही सांगत. १९८८ साली रॉबर्ट हीनी, कॉनी वीव्हर वगैरे संशोधकांनी हेच मोजून बघितलं होतं, तर दुधातलं कॅल्शियम २७-२८ टक्के शोषलं गेलं आणि पालकातलं फक्त ५ टक्के. दह्याचंही दुधाच्या जवळपासच धरा. म्हणजे १०० ग्रॅम दह्यातून हातात पडतं ३३-३४ मिलिग्रॅम आणि तेवढ्याच पालकातून ५. त्या १०० ग्रॅम दह्याची बरोबरी करायची तर दिवसाला पावणेसातशे ग्रॅम कच्चा पालक खावा लागेल आणि त्याच्याबरोबर येणारं ऑक्झलेट वेगळंच!

प्रोटीनचंही तसंच. १०० ग्रॅम पालकात २.९ ग्रॅम, दह्यात ३.५ ग्रॅम, पण पालकाच्या १०० ग्रॅममध्ये कॅलरी फक्त २३ आणि दह्याच्या ६१, म्हणून कॅलरीने भागलं की पालक दुप्पट पुढे दिसतो. भागाकार बरोबर आहे पण माणूस भागाकार खात नाही ना. १०० कॅलरी पालकातून घ्यायच्या म्हणजे सव्वाचारशे ग्रॅमच्या वर पानं, आणि कापलेली पानं कपभर घेतली तरी वजन भरतं जेमतेम ३० ग्रॅम, म्हणजे चौदा-पंधरा कप झाले. असे कॅलरीमागे किंवा ग्रॅममागे काढलेले चार्ट बघितले की मी आधी विचारते, हे ताटात किती होतं?

आता तुम्हाला वाटेल ताई पालकाच्या मागेच लागल्या. तसं नाही. उलट दह्याची बाजू बघितली तर तिथेही मोठमोठी भोकं आहेत. दह्यात फायबर शून्य, लोह नावालासुद्धा नाही, व्हिटॅमिन सी नसल्यात जमा. पालकात १०० ग्रॅमला २.२ ग्रॅम फायबर, २.७ मिलिग्रॅम लोह, फोलेट (बी गटातलं एक व्हिटॅमिन) १९४ मायक्रोग्रॅम, म्हणजे मोठ्या माणसाच्या दिवसभराच्या गरजेचा जवळपास निम्मा भाग, आणि व्हिटॅमिन के तर गरजेच्या कितीतरी पट. पण पालकात व्हिटॅमिन बी१२, जे रक्ताला आणि नसांना लागतं, ते अजिबात नसतं आणि तुम्ही शाकाहारी, तेव्हा दूध-दही हाच तुमचा बी१२ चा मुख्य रस्ता, त्यातलं दही तुम्ही दोन महिन्यांपूर्वी बंद केलंत. मला कॅल्शियमपेक्षा याची काळजी जास्त वाटते. शरीरात बी१२ चा साठा असतो त्यामुळे लगेच काही जाणवत नाही आणि म्हणूनच लोक गाफील राहतात. पुढच्या वेळी रक्त तपासाल तेव्हा बी१२ पण बघून घ्या.

थोडक्यात दही परत सुरू करा, पालकही ठेवा, फक्त रोज पालकच असं नको. वजनाची भीती असेल तर कमी फॅटचं दही घ्या, त्यात कॅल्शियम कमी होत नाही, उलट किंचित जास्तच भरतं. आणि भाजीतूनच कॅल्शियम हवंय असा हट्ट असेल तर केल आणि बॉक चॉय (दोन्ही कोबीच्या कुळातल्या पालेभाज्या), ब्रोकोली बघा, यांच्यात ऑक्झलेट फार कमी. केलमधलं कॅल्शियम तर त्याच संशोधकांनी १९९० मध्ये मोजलं तेव्हा दुधापेक्षाही चांगलं शोषलं गेलं, ४० टक्क्यांच्या आसपास. ब्रोकोलीत मुळात कॅल्शियमच कमी आहे, १०० ग्रॅमला ४७, पण जे आहे ते अंगी लागतं.

प्रश्न : पालक आणि दही एकत्र खाल्लं की किडनी स्टोन होतो असं आमच्याकडे सगळे म्हणतात. माझ्या नवऱ्याला एकदा स्टोन होऊन गेलाय. खरं आहे का हे?

उत्तर : हे नेमकं उलटं आहे. स्टोन बऱ्याचदा कॅल्शियम ऑक्झलेटचा असतो, म्हणून लोकांना वाटतं की दोन्ही एकत्र पोटात गेले की तिथेच खडा तयार. पण या दोघांची गाठ पोटात पडणं आणि किडनीत पडणं यात फरक आहे. दह्यातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला पकडून ठेवतं आणि ते शौचावाटे निघून जातं, रक्तात आणि मग लघवीत कमी पोचतं. नुसता पालक खाल्ला तर ऑक्झलेट मोकळं राहतं आणि तेच जास्त आत जातं. १९९३ साली अमेरिकेत ४५ हजारांवर पुरुषांचा मोठा अभ्यास आला, त्यात खाण्यातून जास्त कॅल्शियम घेणाऱ्यांना स्टोन कमी झालेले दिसले, आणि तोपर्यंत स्टोनवाल्यांना दूध बंद करायला सांगायची पद्धत होती!

तरी ज्यांना ऑक्झलेटचा स्टोन होऊन गेलाय त्यांनी पालक कमीच ठेवावा, आणि कधी खाल्लाच तर भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून द्यावं. विरघळणारं ऑक्झलेट बरंचसं त्या पाण्यात जातं. नुसत्या वाफेवर शिजवून तेवढा फायदा होत नाही. हो, फोलेट आणि व्हिटॅमिन सी पण त्या पाण्याबरोबर थोडं जाणारच, ते इथे सोडून द्यायचं. मिस्टरांचा खडा कसला होता त्याचा रिपोर्ट असेल तर शोधा, कारण युरिक ॲसिडचा असेल तर हे सगळं पुराण त्यांना लागूच नाही.

प्रश्न : मग लोहासाठी पालक खात असू तर दही बरोबर चालेल का? तुम्ही मागे कुठेतरी नको म्हणाला होतात.

उत्तर : म्हणाले होते आणि अजूनही म्हणते, पण ज्यांचं हिमोग्लोबिन कमी आहे त्यांच्यापुरतं. कॅल्शियम लोहाच्या शोषणात थोडा अडथळा आणतं, आणि पालकातलं लोह आधीच नीट शोषलं जात नाही. तेव्हा त्या जेवणात पालकावर लिंबू पिळा आणि दही दुसऱ्या वेळेला खा. बाकीच्यांनी एवढं घड्याळ लावून जेवायची गरज नाही. म्हणजे बघा, स्टोनवाल्याने दही बरोबर घ्यायचं आणि लोह कमी असलेल्याने वेगळं, एकच जोडी एकाला चांगली एकाला नाही.

प्रश्न : वडील रक्त पातळ होण्याची गोळी घेतात. हिरव्या भाज्या बंद आणि दही सुरू असं केलंय. ठीक?

उत्तर : गोळी कुठली ते तुम्ही लिहिलं नाहीत. वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमारोल असेल तर पालकातलं व्हिटॅमिन के तिच्या विरुद्ध काम करतं, हे खरं. पण एकदम बंद करणंही धोक्याचं, कारण डोस आधीच्या खाण्यावर बसवलेला असतो, के अचानक कमी झालं की रक्त गरजेपेक्षा जास्त पातळ होऊ शकतं. प्रमाण दर आठवड्याला साधारण सारखं ठेवायचं असतं. तुम्ही बदल करून बसलाच आहात तर डॉक्टरांना आजच फोन करून सांगा आणि आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारी तपासणी) कधी करायचा ते विचारा. दह्याचा यात काही संबंध नाही, ते खाऊ द्या त्यांना.