क्रॅश यूटिलिटीच्या प्रत्येक रिलीजमध्ये एवढे बगफिक्स का असतात? जुनं व्हर्जन चालत असताना अपग्रेड करायची गरज आहे का?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं की सर्व्हर रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स 8 वरून 9 वर नेले, डम्प (कर्नल कोसळताना घेतलेली मेमरीची प्रत) उघडायचं मशीन मात्र जुनंच ठेवलं, आणि आता तो डम्प वाचणारं क्रॅश हे टूल चालू होता होताच 'इनव्हॅलिड स्ट्रक्चर मेंबर ऑफसेट: टास्क_स्ट्रक्ट_स्टेट' असं छापून बाहेर पडतं. मग डम्प खराब आहे का, की टूलच कच्चं आहे?

दोन्ही नाही. डम्प बहुतेक ठणठणीत आहे, तुमचं क्रॅश जुनं आहे. 'क्रॅश -व्ही' मारून बघा, 7.2 काहीतरी दिसेल.

आता हे का होतं ते. क्रॅश म्हणजे कर्नलच्या आतल्या वस्तू नावानिशी ओळखणारं टूल आहे, म्हणजे टास्क_स्ट्रक्टमध्ये (कर्नल प्रत्येक प्रोसेसची माहिती ठेवतो ती रचना) स्टेट नावाचा मेंबर असतो, अमुक लिस्टमध्ये सगळे प्रोसेस ओवलेले असतात, हे सगळं त्याच्या सी कोडमध्ये लिहून ठेवलेलं आहे आणि चालू होताना ते डीबग इन्फोमधून (कर्नल बांधताना तयार होणारी रचनांची माहिती) प्रत्येक मेंबर कितव्या बाइटवर आहे ते काढून घेतं. नाव सापडलंच नाही तर ऑफसेट उणे एक राहतो, आणि पुढे कोणी तो वापरायला गेलं की तुम्हाला दिसला तो एरर येतो, सोबत फाइल आणि फंक्शनचं नावही येतं, तुमच्या केसमध्ये टास्क.सी आणि टास्क_स्टेट असणार. माझ्या मते हा एरर चांगलाच आहे, कारण न सांगता चुकीचा आकडा दाखवला असता तर आपण दोन दिवस भलत्याच ठिकाणी शोधत बसलो असतो.

5.14 कर्नलमध्ये त्या स्टेटचं नाव बदलून अंडरस्कोर-अंडरस्कोर-स्टेट केलं, हेतू हा की कोणी त्याला थेट हात लावू नये, ठरलेल्या मॅक्रोमधूनच वाचावं. रेड हॅट 9 चा कर्नल 5.14 वरच आहे म्हणून तुम्ही नेमके त्यात सापडलात. आणि गंमत म्हणजे नुसतं नाव नाही बदललं, आधी तो लाँग होता तो अनसाइन्ड इंट झाला, म्हणजे 64 बिट मशीनवर 8 बाइटचा 4 बाइट. त्यामुळे क्रॅशमध्ये फक्त नवीन नाव टाकून भागलं नसतं, आठच बाइट वाचत राहिले असते तर शेजारच्या मेंबरचा कचरा सोबत आला असता आणि झोपलेला प्रोसेस भलत्याच स्टेटमध्ये दिसला असता. चेंजलॉगमध्ये ही एक ओळ असते बघा, '5.14 साठी दुरुस्ती', पण त्या ओळीमागे एवढं सगळं असतं.

बाकीचे बगफिक्स काढून बघितलेत तर बरेचसे याच जातीचे दिसतील. 5.10 ला प्रिंटकेचा रिंगबफर (कर्नलचे मेसेज साठतात ती जागा) लॉकलेस झाला आणि जुन्या क्रॅशची लॉग कमांड गेली. 6.1 ला प्रोसेसचे मेमरी एरिया ठेवायला आरबी ट्री जाऊन मेपल ट्री आली, मग व्हीएम कमांड गेली, ती 2023 च्या 8.0.3 मध्ये परत आली. 6.4 ला मॉड्यूलच्या मेमरीची मांडणी बदलली. कर्नलवाले आतली रचना बदलताना कोणाला विचारत नाहीत आणि विचारावं असा नियमही नाही, यूजरस्पेसला दिलेला इंटरफेस तेवढा मोडायचा नाही, आणि क्रॅश त्या इंटरफेसच्या पलीकडचं वाचतं. म्हणजे हे मागे पळणं संपणारं नाहीच. 2020 पर्यंत हे बरंचसं काम डेव्ह अँडरसन यांनी ओढलं, ते निवृत्त झाल्यावर दुसऱ्या मेंटेनरांनी हातात घेतलं.

दुसरा भाग जीडीबी या डीबगरचा. क्रॅशच्या पोटात अख्खा जीडीबी असतो आणि 7 च्या मालिकेत तो 7.6 होता, म्हणजे 2013 चा. त्याला ड्वार्फ 5 (डीबग इन्फो लिहायचा फॉरमॅट) वाचता येत नाही, आणि जीसीसी कंपायलरच्या 11 पासून ड्वार्फ 5 हेच डिफॉल्ट झालं. अशा व्हीएमलिनक्सवर (डीबग इन्फोसकट कर्नलची फाइल) जुनं क्रॅश 'नो डीबगिंग डेटा अव्हेलेबल' म्हणतं आणि माणूस बिचारा डीबगइन्फो पॅकेज परत परत इन्स्टॉल करत बसतो. 2021 च्या 8.0.0 मध्ये जीडीबी 10.2 आला, 9.0.0 मध्ये 16.2 आला. शिवाय अलीकडे जीडीबीचं स्टॅक अनवाइंडिंग क्रॅशच्या आतून चालायला लागलंय, हे मला सगळ्यात कामाचं वाटतं. आधी बीटी (कॉल ट्रेस दाखवणारी कमांड) फक्त फंक्शनची नावं द्यायचं, लोकल व्हेरिएबल हवं असेल तर बीटी -एफ ने कच्चा स्टॅक काढा, डिसअसेंब्ली समोर ठेवा आणि कुठलं रजिस्टर कुठे ढकललंय ते बोट ठेवून मोजा. आता फ्रेम निवडून इन्फो लोकल्स विचारता येतं (अर्धे 'ऑप्टिमाइझ्ड आउट' येतात ते सोडा).

खरेखुरे बगही असतातच, डम्प अर्धवट असला की क्रॅश स्वतःच सेगफॉल्ट होणं, असले. पण 'पेज एक्सक्लूडेड' दिसलं तर तो बग समजू नका, डम्प लिहिणाऱ्या मेकडम्पफाइल या टूलला बहुतेक -डी 31 दिलेलं असतं, म्हणजे झीरो पेज, दोन्ही प्रकारचे कॅश, यूजर डेटा आणि फ्री पेज गाळूनच डम्प घेतलेला असतो, ते पान फाइलमध्ये नाहीच.

तर अपग्रेड करायचं का, हो, आणि बिनधास्त सगळ्यात नवं घ्या. मागच्या कर्नलांना धरून राहायचं हे या टूलचं पहिल्यापासूनचं धोरण आहे, रीडमीमध्ये 2.2.5 पर्यंत मागे जाता येतं असं लिहिलंय, त्यामुळे तुमचे रेड हॅट 8 चे जुने डम्पही नव्यात उघडायला हवेत. उलटं मात्र चालत नाही. काहीजण ड्रगन (drgn) या दुसऱ्या डीबगरकडे वळा म्हणतील, पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहायला ते खरंच छान आहे, पण त्यातल्या हेल्परांनाही कर्नलमागे पळावंच लागतं.

सोर्समधून बांधणार असाल तर बायसन आणि टेक्सइन्फो आधी टाका, आणि डम्प एलझेडओ किंवा झेडएसटीडीने दाबलेले असतील तर 'मेक एलझेडओ' किंवा 'मेक झेडएसटीडी' करा, साधा मेक केलात तर तसा डम्प उघडणार नाही. मेक चालवताना ते जीडीबीचा टारबॉल नेटवरून ओढतं, म्हणून तुमच्या मशीनला बाहेरचं नेट नसेल तर तो आधी आणून त्याच फोल्डरमध्ये ठेवा.

तोपर्यंत साहेब डोक्यावर बसले असतील तर व्हीएमकोअरच्या (म्हणजे डम्पच्या फाइलच्या) शेजारी व्हीएमकोअर-डीमेसेज.टीएक्सटी फाइल पडलेली असते ती वाचा, पॅनिकचा मेसेज आणि कॉल ट्रेस त्यात मिळतोच. आणि डीबगइन्फो कुठल्या बिल्डचं लागेल याची शंका असेल तर 'क्रॅश --ओएसरिलीज' पुढे व्हीएमकोअरचं नाव द्या, व्हीएमलिनक्स नसतानाही कर्नलचं पूर्ण व्हर्जन छापून देतं, अगदी तेच डीबगइन्फो उतरवा.