भाकीत, भाकणूक आणि भविष्यवाणी एकच का?

प्रश्न असा आला होता की हिंदीत एक भविष्यवाणी म्हटलं की काम भागतं, मग मराठीत भाकीत, भाकणूक, भविष्य, होरा एवढे शब्द कशाला, आणि बायबलमधला प्रॉफेट योना निनवेच्या लोकांना भविष्यवाणी सांगतो, अशा वाक्यात त्याला भविष्यवेत्ता म्हटलं तर चालेल का.

मी इंदूरची, त्यामुळे हा प्रश्न मला फार जवळचा आहे. आमच्याकडे रामबागेतली मराठी घरातली मुलंसुद्धा आता "मौसमवाल्यांनी पावसाची भविष्यवाणी केली आहे" असं सर्रास बोलतात. ऐकलं की मला टोचतं, कारण पावसाचा अंदाज असतो, अंदाज वर्तवतात. त्यात वाणी कोणाचीच नसते, हिशोब असतो.

माझ्या मते फरक इथेच आहे, माणूस स्वतः ताडून सांगतोय की त्याच्या तोंडून दुसरं कोणी बोलतंय.

होरा पहिल्या जातीतला. "माझा होरा चुकला" आपण अगदी सहज म्हणतो, पण हा शब्द ज्योतिषातला आणि त्याचा रस्ता आमच्या शेजारच्या उज्जैनवरून जातो. सहाव्या शतकात तिथल्या वराहमिहिराने बृहज्जातक या ज्योतिषग्रंथात लिहिलंय की अहोरात्र शब्दाचं पहिलं आणि शेवटचं अक्षर गाळलं की होरा उरतं असं काही जण मानतात. अभ्यासक मात्र तो ग्रीक होरा म्हणजे तास, काळ यावरून आला असं धरतात. काही असो, होऱ्यामागे गणित आहे, कोणी अंगात येऊन होरा सांगत नाही.

भाकीतही बरंचसं याच बाजूला झुकलंय. बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते, धान्य मांडून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ते कसं हललं-विखुरलं ते बघून पावसापाण्याचं सांगतात, त्याला पेपरवाले भाकीतच म्हणतात. खुणा वाचल्या आणि अर्थ लावला. निवडणुकीच्या निकालाचंही भाकीतच करतात.

पण भाकणूक वेगळी! कोल्हापूरकडे पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते, तिथे भंडाऱ्याच्या पिवळ्या धुरळ्यात देवाचे मानकरी फरांडे बाबा तलवार घेऊन हेडाम, म्हणजे धनगरी नाच, खेळतात आणि मग वर्षाची भाकणूक सांगतात, पाऊस, पीक, रोगराई, राजकारण सगळं. तिथे जमलेल्या धनगरांना विचारा, ते म्हणणार देव बोलला. इथे भाकीत म्हटलं की त्यातला देवच निघून गेला ना? आमचे होळकरही धनगर समाजातले, त्यामुळे हा शब्द इंदूरच्या मराठीने तरी विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

दोन्हींच्या मुळाशी भाकणे आहे, म्हणजे बोलणे, पण साधं बोलणे नाही. देवापुढे करुणा भाकतात आणि वचन देताना भाक देतात. म्हणजे या कुळातल्या बोलण्याला वजन आहे, बोललेलं माणसाला बांधून ठेवतं. आकाशवाणीचंही तेच. रेडिओच्या आधी ती कंसाने ऐकली होती, देवकीचा आठवा तुझा काळ, आणि ऐकल्यावर त्याने जे जे केलं त्यानेच गोष्ट पुढे सरकली.

आता बायबलचं. तिथे भविष्यवेत्ता म्हणू नका. मराठी बायबलमध्ये संदेष्टा आहे आणि तोच बरोबर वाटतो, कारण त्या लोकांचं मुख्य काम पुढचं सांगणं नाही, देवाचा निरोप पोचवणं आहे. योनाची गोष्ट बघा. तो निनवे शहरात जाऊन सांगतो की चाळीस दिवसांत हे शहर उलथं होणार, लोक घाबरतात, राजापासून सगळे उपास धरतात, गोणपाट नेसतात, आणि देव शहर वाचवतो. योनाला याचाच राग येतो. भविष्य म्हणून पाहिलं तर ते साफ चुकलं, पण संदेश म्हणून पाहिलं तर यापेक्षा यशस्वी निरोप कुठला असणार, ज्यांच्यासाठी होता त्यांनी तो ऐकला. हिंदी बायबलात भविष्यद्वक्ता आहे, आणि तो शब्द वाचला की डोळ्यासमोर पंचांग घेऊन बसलेला माणूस येतो, योना येत नाही.

मग प्रेषित कोण? तर प्रेषित म्हणजे पाठवलेला. अरबीतल्या रसूलचाही अर्थ नेमका तोच, म्हणून प्रेषित मुहंमद अगदी चपखल बसतं. मराठी ख्रिस्ती लोक मात्र येशूने पाठवलेल्या शिष्यांना प्रेषित म्हणतात, म्हणून बायबलमधल्या एका पुस्तकाचं नावच प्रेषितांची कृत्ये आहे. दोघांचंही बरोबर, फक्त भाषांतर करताना कोणत्या धर्माबद्दल लिहिताय ते आधी बघा, नाहीतर योनाला प्रेषित लिहून मोकळे व्हाल आणि ख्रिस्ती वाचक गोंधळेल.

तर तुमच्या वाक्यात "योना संदेष्ट्याने निनवेच्या लोकांना देवाचा संदेश दिला" एवढंच लिहा. भविष्यवाणी काढून टाका.